पारणे नसलेला उपवास

दिवाळी अंकातील समीक्षेच्या पानांवर कादंबऱ्यांचा, फार तर एखाद्या कवितासंग्रहाचा विचार व्हावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर लिहिण्याचे मी शक्यतो टाळतो. कादंबरीकाराला मित्र मुळातच थोडे असतात. शिवाय माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीचे. त्यापुढे चित्रकलेची पदविका, आणि तिच्या बळावर कळंबच्या शाळेत मुलांच्या हाती रंगपेटी देण्याचे काम. तेव्हा संप्रदाय, संज्ञा, पाश्चात्त्य टीकाकारांचे दाखले यांची अपेक्षा वाचकांनी माझ्याकडून करू नये. आज मी ज्या पुस्तकांविषयी लिहिणार आहे ती वाङ्मय आहेत असे कोणी समजत नाही. पण आपल्या बहुतेक कादंबऱ्यांपेक्षा ती जास्त घरांत गेली आहेत आणि जास्त वेळा उघडली गेली आहेत. तुपाचा आणि हळदीचा डाग पडलेले पान हा वाचकाने दिलेला अभिप्राय असतो. माझ्या कादंबऱ्यांच्या प्रती ग्रंथालयात अजून कोऱ्या आहेत.

मी पाकशास्त्राच्या पुस्तकांविषयी बोलतो आहे. ती मी हौसेने वाचली नाहीत, गरजेने वाचली. आणि गरजेने वाचणारा वाचक हा टीकाकारांत सर्वांत कठोर असतो, असा माझा अनुभव आहे.

गरज अशी पडली. दोन वर्षांपूर्वी माझी थोरली मुलगी तिसरीत होती. पोट पुढे आलेले, हातपाय काटकुळे, चेहरा पांढुरका. वर्गात उंचीप्रमाणे मुली उभ्या केल्या की ती दरवर्षी एकेक पाऊल पुढे सरकत चाललेली. जंताच्या गोळ्या झाल्या, लोहाची औषधे झाली, दृष्टही काढून झाली. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी रक्त तपासले, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि सांगितले, की हिला गहू चालत नाही. गव्हात जो चिकट अंश असतो, ज्याला ग्लूटेन म्हणतात, त्याने हिच्या आतड्याचे अस्तर झिजते. औषध नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, एवढाच उपाय.

या रोगाचे कारण उकलले त्याची हकीकत मी पुढे वाचली, ती एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. सगळा देश वाळत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. आणि पाव परत आला तशी ती पुन्हा खंगू लागली. १९५० मध्ये डिकेने आपला प्रबंध सादर केला. ज्या भाकरीवाचून जग मरत होते, त्या भाकरीवाचूनच काही मुले जगत होती. मी ही हकीकत मुलीला सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग ती मुलं पावाऐवजी काय खात होती?"

हाच प्रश्न आमच्या घरापुढे होता. माझी पत्नी नोकरीसाठी सकाळच्या एस.टी.ने यवतमाळला जाते, संध्याकाळी दिवेलागणीला परतते. शाळा सुटल्यावर स्वयंपाकघर माझ्या आणि दोन मुलांच्या ताब्यात. शेजारच्या आजींनी आमची अडचण ऐकली आणि एका वाक्यात निकाल दिला, "त्यात काय मास्तर, उपासाचंच करत जा की!"

मला तो निकाल फार पटला. धान्य वर्ज्य करून स्वयंपाक करण्याची एवढी मोठी परंपरा ज्या समाजाजवळ आहे, त्याने एका मुलीच्या पथ्याला घाबरावे कशाला? मी कपाटातून पुस्तके काढली आणि उपवासाचे प्रकरण उघडले.

*

मराठीत पाकशास्त्राचे छापील पुस्तक जुने आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चे. आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. या तीन सालांमध्ये आपल्या घरांचा इतिहास आहे. पहिल्याने स्वयंपाकाला शास्त्र म्हटले आणि तो ग्रंथ पुरुषाने लिहिला. दुसरीने पुस्तकाला मैत्रीण केले. तिसरी आली तेव्हा एकत्र कुटुंबे फुटून मुली मुंबईच्या खोल्यांत आणि परदेशांत संसार थाटत होत्या. चुलीपाशी सासू नव्हती, आईचे पत्र पोचायला आठवडा लागत होता. 'रुचिरा' त्या रिकाम्या पाटावर येऊन बसली. कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे होते. हे वाचले तेव्हा माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला धीर आला.

'रुचिरा'चे मोठेपण कशात आहे हे मला माझ्या धाकट्याने शिकविले. तो त्या वेळी दुसरीत. या पुस्तकात मापे ग्रॅमची नाहीत, वाटी-चमच्याची आहेत, हे सर्वांना माहीत आहे. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारले, "बाबा, त्यांची वाटी आपल्या वाटीएवढी आहे का?" मी निरुत्तर झालो. थोरलीने आमच्या घरातल्या तीन वाट्या ओळीने मांडल्या, तिन्ही वेगळ्या. मग आम्ही भगर आणि साबुदाणा घेतला. दोन वाट्या भगरीला अर्धी वाटी साबुदाणा, भिजवून वाटून त्याची धिरडी. एकदा मोठ्या वाटीने केली, एकदा लहान वाटीने. धिरडी सारखीच झाली. थोरली म्हणाली, "वाटी कुठलीही असो, चौपट पाहिजे!" वाटी हे माप नव्हेच, ते गुणोत्तर आहे, हे गणिताच्या पुस्तकाने जे दोन वर्षांनी शिकविले असते ते त्या पोरीला धिरड्याने शिकविले. प्रत्येक घराची वाटी वेगळी असते हे गृहीत धरून जी लेखिका लिहिते, तिला वाचकाविषयी आदर आहे असे मी म्हणतो. आपल्या कादंबरीकारांपैकी कितीजण वाचकाला त्याची स्वतःची वाटी वापरू देतात?

पण लगेच दुसरी बाजूही दिसली. ही पुस्तके ज्या मराठीत लिहिली आहेत ती आमच्या बाजारातली मराठी नव्हे. पुस्तकात वरीचे तांदूळ, आमच्या दुकानात भगर. पुस्तकात कोथिंबीर, आमच्या भाजीवालीकडे सांबार. पुस्तकात शेंगदाणे, आमच्या पोत्यात फल्लीदाणे. मुले वाचताना मनातल्या मनात भाषांतर करीत होती. यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु मराठी साहित्याचे केंद्र कोठे आहे हा वाद आपण संमेलनांतून करतो, त्याचा पुरावा फोडणीच्या डब्यातही आहे.

*

आता उपवासाचे प्रकरण. ते मी जसजसे बारकाईने वाचू लागलो तसतसा चकित होत गेलो. हे प्रकरण धान्यविरहित आहे असा आपला समज. पण भगर हे गवताच्या जातीचे धान्यच आहे, ज्वारी-बाजरीचे सख्खे भावंड. ती चालते. ज्वारी चालत नाही. राजगिरा माठाच्या कुळातला, त्याचे मूळ अमेरिकेत. मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत आणि म्हणून स्पॅनिश लोकांचा त्यावर राग. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सारी मंडळी त्याच खंडातून जहाजाने आलेली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच. आपल्याकडे साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूला निघाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बाहेरचा माल येईनासा झाला तेव्हा. ताटातून ही पाहुणेमंडळी उठविली, तर आपल्या सनातन एकादशीला शिंगाडा, भगर आणि दूध एवढेच उरते.

मी हे हिणवण्यासाठी सांगत नाही. उलट मला त्यात मोठे शहाणपण दिसते. 'हे चालतं, हे चालत नाही' या दोन क्रियापदांत आपल्या घरांनी एक यादी शतकानुशतके जिवंत ठेवली आणि नव्या वस्तूंना तीत जागाही दिली. कोणाकडे जिरे चालते, कोणाकडे नाही. हळद बहुतेकांकडे नाही. साहित्यातल्या अभिजाततेची यादी याहून निराळ्या रीतीने तयार होते असे मला वाटत नाही. कोणी तरी कधी तरी चालवून घेतलेले असते, आणि पुढच्या पिढीला ते अनादी वाटते.

माझी तक्रार निराळी आहे. या यादीला 'का' नाही. आणि पाककृतीलाही 'का' नाही. जुन्या पुस्तकांतली क्रियापदे पाहावीत. घ्यावे, भिजवावे, मळावे, तळावे. सगळे विध्यर्थी. कोणी घ्यावे, कोणाच्या हातांनी मळावे, हे त्या व्याकरणात नाही. राजगिऱ्याच्या पुरीत उकडलेला बटाटा घालावा असे असते. का घालावा, हे नसते. ज्याला जसेच्या तसे करावयाचे आहे त्याचे यावाचून अडत नाही. ज्याला एक वस्तू काढून दुसरी घालावयाची आहे, त्याचे मात्र पहिल्याच पायरीवर अडते.

आमचे अडले. शिंगाड्याच्या पिठाचे थालीपीठ तव्यावर टाकताना तुटले, उलटताना त्याचे चार तुकडे झाले. धाकट्याने त्या तुकड्यांना महाराष्ट्राचे चार विभाग म्हणून नावे दिली आणि विदर्भ स्वतः खाल्ला. थोरली मात्र हटून बसली, "पण तुटलं का?" तेव्हा मी शाळेत कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळून दाखविला. पिठूळ पाणी निघून गेले आणि हातात रबरासारखा एक लगदा राहिला. तो ताणला तर ताणला जातो. हेच ते ग्लूटेन, जे पोळी एकत्र धरते, पाव फुगवते, आणि माझ्या मुलीला आतून सोलते. शिंगाड्यात ते नाही, म्हणून धरून ठेवायला दुसरे काही तरी हवे. बटाट्याचा शिजलेला पिठूळपणा, भिजलेल्या साबुदाण्याचा चिकटपणा, नाही तर अंड्याचा बलक. ज्वारीच्या पिठावर उकळते पाणी घालतात तेही याचसाठी, त्याने पिठातला पिष्टांश फुलून धरतो. आमच्या आज्यांना हे हातांनी ठाऊक होते. पुस्तकांनी हात तेवढे गाळले आणि कृती घेतली.

हा एक 'का' कळला आणि स्वयंपाकघराचा रंगच पालटला. धाकट्याच्या वाढदिवसाला केक करावयाचा ठरला. भट्टी नाही, जुन्या रीतीने गंजात वाळू घालून ती तापविली आणि आत डबा ठेवला. एक वाटी शिंगाड्याचे पीठ, एक वाटी दाण्याचे कूट, पाऊण वाटी गूळ, तीन अंडी, चिमूटभर सोडा. पहिला केक मध्ये खचला, आमच्या शाळेच्या मैदानासारखा. पण या वेळी कोणी रडले नाही. पोळीतले जाळे नाही तर वाफ धरायची कोणी, एवढा विचार मुलांना करता आला. दुसऱ्या खेपेला पांढरे आणि पिवळे वेगळे करून त्यांनी आळीपाळीने हात दुखेपर्यंत पांढरे फेसले. केक वर आला. अंड्याला वाटी नसते, ते आपले स्वतःचेच माप असते, हा 'रुचिरा'च्या गुणोत्तराला आमच्या घराने जोडलेला उपनियम.

आणखी दोन गोष्टी कोणत्याही पुस्तकात मला सापडल्या नाहीत. बाजारातला डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात बहुधा मैदा मिसळून बांधलेला असतो. आमची मुलगी पथ्यावर असून सुधारत नव्हती, ती या चिमटीमुळे, हे कळायला आम्हांला चार महिने लागले. आणि गिरणी. गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. शेवटी माळ्यावरचे जाते खाली काढले. ते दोघांनी समोरासमोर बसून फिरवावयाचे असते, म्हणून भावंडांचे भांडण त्या वेळेपुरते थांबते. भगरही आम्ही अख्खी आणून निवडून घरीच दळतो. उघडे, जुने भगरीचे पीठ खाऊन सणासुदीला विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. ओलाव्याने त्यात बुरशी धरते. ज्या प्रकरणात पावित्र्याविषयी इतके गृहीत धरलेले असते, त्या प्रकरणात एवढी एक सूचना असती तर पुण्य लागले असते.

*

येथवर मी समीक्षक म्हणून बोललो. आता कादंबरीकार म्हणून माझा गुन्हा कबूल करतो.

मुलगी लहान होती. जन्मभर हे शब्द तिच्यापुढे उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी तिला गोष्ट सांगितली. आजीला चतुर्थी असते, आईला हरितालिका असते, तसा तुला हा गव्हाचा उपवास. तिला ते आवडले. वर्गात ती ऐटीने सांगे, "माझा उपवास आहे." मैत्रिणी आदराने बघत. मला वाटले, कल्पनाशक्तीने एक कठीण गोष्ट सोपी केली. आपण लेखक स्वतःवर किती लवकर खूश होतो!

आमच्या गावचे चिंतामणीचे देऊळ पुष्कळांना ठाऊक आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. खाली कुंड, आणि गणपती. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे तप केले अशी कथा सांगतात. कुंडाचे पाणी बारा वर्षांनी चढते आणि देवाच्या पायांना लागते, अशी लोकांची श्रद्धा आहे. एका चतुर्थीला संध्याकाळी आम्ही दर्शनाला गेलो. कोणी तरी प्रेमाने मुलीच्या हातावर तळलेला मोदक ठेवला. आमच्याकडे मोदकाची पारी गव्हाचीच. ती मोदक धरून उभी राहिली. देणाऱ्या बाई म्हणाल्या, "खा ग बाई, प्रसादानं काही होत नाही." तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. तिने तो मोदक भावाला दिला आणि पायऱ्या चढताना विचारले, "बाबा, सगळ्यांचा उपास आता चंद्र दिसला की सुटेल. माझा कधी सुटणार?"

मी गप्प बसलो. कहाण्या ऐकत वाढलेली ती मुलगी. कहाणीत व्रत असते, नेम असतो, देवाची परीक्षा असते, आणि शेवटी उद्यापन असते. उद्यापनावाचून कहाणी संपत नाही. मी तिला कहाणीचा आरंभ दिला होता आणि शेवट चोरला होता. इंद्रालासुद्धा उःशाप आहे. पारणे नसलेला उपवास हा उपवास नव्हे, त्याला दुसरे नाव हवे. आणि ते नाव शोधण्याचे काम टाळून मी उसने नाव वापरले होते. वाङ्मयात आपण ज्याला खोटी प्रतिमा म्हणतो ती हीच. ती सुंदर होती, पण वस्तूला लागू नव्हती.

त्या रात्री मी तिला खरे ते सांगितले. ती थोडा वेळ रडली. मग म्हणाली, "मग रोज भगर कशाला खायची? मला भाकर चालते ना?"

आणि मला कळले, की आजींनी चुकीचे प्रकरण उघडून दिले होते आणि मी ते डोळे मिटून वाचीत बसलो होतो. तिला गहू चालत नव्हता. ज्वारी, तांदूळ, डाळी, सारे चालत होते. उपवासाचे ताट मी तिच्यापुढे ठेवीत होतो ते पथ्याच्या गरजेने नव्हे, गोष्टीच्या गरजेने. साबुदाण्यावर आणि बटाट्यावर मूल किती दिवस वाढावयाचे? आमच्या आजोबांच्या घरी रोज ज्वारीची भाकर होती, पोळी पाहुण्याला आणि सणाला. वावरात ज्वारी होती, तिचा कडबा बैलांना होता. मग वावरात कपाशीच्या जोडीला सोयाबीन आले, रेशनवर गहू आला, आणि भाकर ही गरिबीची खूण ठरून चुलीवरून उतरली. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा आम्ही शाळेत त्यावर चित्रस्पर्धा घेतली. बक्षीस मिळालेल्या चित्रातले कणीस मुलाने पुस्तकातून पाहून काढले होते.

पाकशास्त्राच्या पुस्तकांविरुद्ध माझा मुख्य आरोप येथे आहे. पक्वान्नांना पाने, तळणीला पाने, आणि भाकरीला चार ओळी, त्याही असल्या तर. ती काय, सगळ्यांनाच येते, असे त्यांनी धरले. जे सगळ्यांना येते ते लिहून ठेवले नाही तर एके दिवशी कोणालाच येत नाही. कादंबऱ्यांचेही असेच झाले आहे. सण, लग्ने, मृत्यू यांची वर्णने भरपूर. मंगळवारच्या संध्याकाळचा स्वयंपाक कोठेच नाही. 'स्मृतिचित्रे' आज आपल्याला इतकी ताजी वाटतात याचे एक कारण, की लक्ष्मीबाई टिळकांना घरातली फजिती लिहिण्याची लाज वाटली नाही.

दुसरा आरोप असा, की या पुस्तकांत काहीच बिघडत नाही. प्रत्येक कृती शेवटी सफळ संपूर्ण. ज्याने एकदा तरी स्वयंपाक केला आहे त्याला ठाऊक असते, की मनुष्य शिकतो तो करपल्यावर. आणि तिसरा, की मूल या पुस्तकांत खाणारे म्हणून येते, करणारे म्हणून येत नाही. बाहेर अंगणात तेच मूल भातुकलीच्या चुलीवर चिमणीएवढा भात रांधीत असते. पुस्तकाचे दार त्याला बंद.

एका व्रताला मात्र मी या आरोपांतून वगळतो. ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खावयाचे नाही. नांगराशिवाय उगवलेले कंद, भाज्या, परसातले काही. पोळ्यानंतर ती पाचव्या दिवशीच येते. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. तेव्हा धाकट्याला समजावण्याची गरजच पडली नाही. "बैल वर्षभर राबतो, म्हणून एक दिवस त्याचं नको," असे त्यानेच मला सांगितले. ज्या वर्ज्याला कारण आहे ते मुलाला एकदाच सांगावे लागते.

*

शहरांतून आता धान्य वर्ज्य करण्याची नवी हौस निघाली आहे. बदामाच्या पिठाचा पाव, नारळाच्या पिठाचे बिस्किट. त्यांची गुळगुळीत पुस्तकेही मी चाळली. त्यांत मूल आहे, पण ते छायाचित्रात आहे, स्वच्छ एप्रन घालून. बदामाचा भाव पाहून मी पुस्तक मिटले. ज्याला धान्य सोसते त्याने ते का सोडावे, हा प्रश्न त्या पुस्तकांनाही विचारलेला आवडत नाही. उपवासाच्या प्रकरणाला निदान देव तरी होता.

या दिवाळीला आमच्या घरी शंकरपाळे आणि करंज्या नाहीत. चकल्या आहेत, तांदूळ आणि डाळींच्या भाजणीच्या, जात्यावर दळलेल्या. पोह्यांचा चिवडा आहे, हिंगावाचून. बेसनाचे लाडू आहेत. आणि थोरलीने हट्टाने अनारसे धरले. तीन दिवस भिजविलेले तांदूळ, गूळ, खसखस; सगळे तिला चालणारे, आणि सगळ्या फराळात अवघड. तिची आई रजेवर होती, ती म्हणाली, "पहिल्यांदा करते आहेस, बिघडतील." ते बिघडले. तुपात सोडताच अनारसा पसरला आणि त्याची जाळी विरून गेली. असे झाले म्हणजे आपल्याकडे अनारसा तुटला म्हणत नाहीत, अनारसा हसला म्हणतात. हा शब्द तिने प्रथमच ऐकला. ती कढईकडे बघून हसत सुटली, मग धाकटा, मग आम्ही.

गेल्या वर्षापासून ती एक वही ठेवते. रात्री मी ती उघडून पाहिली. घ्यावे, मळावे, तळावे असे तीत काही नाही. लिहिले आहे: "आज अनारसे हसले. गूळ जास्त झाला म्हणून. आजी म्हणते पिठात थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळून बघ. उद्या बघू. भावाने दहा खसखशीच्या पुड्या सांडल्या." पुड्या दोनच होत्या, एवढी अतिशयोक्ती तिने बापाकडून घेतली असावी. बाकी मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत मला जे हवे होते, ते सगळे त्या चार वाक्यांत आहे. काय बिघडले ते आहे, का ते आहे, कोणाचे हात होते ते आहे, आणि उद्या आहे.